वारुळाचा मालक

'आयत्या बिळावर नागोबा' असं आपण उठताबसता दुसऱ्याला ऐकवतो आणि नागपंचमीला हळदकुंकू घेऊन त्याच नागोबाच्या वारुळापाशी जातो. बांधते वाळवी, पण तिची आठवण फक्त पेस्ट कंट्रोलवाल्याला. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवीच्या काही देवळांत तर गाभाऱ्यात वारूळच पुजतात. आमच्या मावशीच्या मते तिच्या गडग्यालगतच्या वारुळातही कुणीतरी आहे. "हात लावू नको, थयसर राखणदार आसा."

मावशीला हसायचं कारण नाही. कोकणातल्या पावसाला दाद न देणारं, आत बोळ, खोल्या आणि बुरशीची शेती असलेलं बांधकाम कुणाच्या हुकमाशिवाय उभं राहिलं, हे शिकल्यासवरल्यांनाही पचत नाही. आपण नागाला उठवतो आणि त्या जागी राणीला बसवतो, एवढंच. राणी असतेही. पण बोटभर लांब, फुगलेली, जागची हलता न येणारी. दिवसाला हजारो अंडी घालायची आणि कामकरी भरवतील ते खायचं. तिच्या वासाचा वाळवीवर परिणाम होतो, हे खरं. पण बोळ कुठे वळवायचा, हे ती सांगत नाही. सांगणार कशी? ती तर आत कोंडलेली.

मागे फांदी पडून त्या वारुळाचा एक कोपरा ढासळला होता. आधी मोठ्या डोक्याचे सैनिक भोकाच्या कडेला येऊन उभे राहिले. मग कामकरी. एकेकीच्या तोंडात ओल्या मातीचा कण. तो कडेला चिकटवायचा, लाळेने दाबायचा आणि माघारी वळायचं. दुसरी येते ती शक्यतो तिथेच कण ठेवते. या कामकऱ्यांना डोळेही नसतात.

पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1959 साली याची उकल मांडली: पुढचं काम कोणतं, हे झालेलं कामच सांगतं. मातीचा ढीग जरा उंचावला की त्यावर आणखी माती पडते, खांब होतो, शेजारचे खांब वाकून कमान होते. ग्रासेनंतरच्या संशोधकांनी यात ओलाव्याची आणि हवेच्या झुळकीची भर घातली. मुकादम मात्र कुणालाच सापडला नाही.

हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगा बघत वाढलेला मुलगा तो. त्याने विचारलं, "मग भिंत वाकडी झाली तर ओरडा कोणाला बसतो?"

कोणालाच नाही. जवळ असेल ती माती आणून लावते.

"म्हणजे चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही, आणि गळती त्याच दिवशी बंद?" त्याला मावशीचा राखणदारच जास्त खरा वाटला.