कँटरबरी: कूपरच्या गाईंच्या गावात

कँटरबरीला माणसं कॅथेड्रल बघायला जातात. मीही बघितलं, पण त्यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला ओढ होती ती चित्रकार थॉमस सिडनी कूपरच्या गाईंची.

लंडनच्या सेंट पँक्रसहून जलद गाडीने तासाभरात कँटरबरी वेस्ट. वेस्टगेटच्या कमानीतून आत शिरलं की सेंट पीटर्स स्ट्रीट. १८०३ साली कूपर इथेच जन्मला. बाप घर सोडून गेलेला, त्यामुळे पोरगा लहानपणीच घोडागाड्या रंगवायच्या कामाला लागला, पुढे नाटकाचे पडदे रंगवू लागला. मग ब्रसेल्स गाठलं, तिथे फेरबूकहोवेन या जनावरांच्या चित्रकाराचा प्रभाव पडला आणि गडी आयुष्यभर गाई-मेंढ्यांतच रमला.

त्याच रस्त्याने सरळ पुढे गेलं की 'बीनी' संग्रहालय. प्रवेश फुकट. आत १८७४ सालचा त्याचा प्रचंड बैल आहे. चित्राचं नाव 'विभक्त, पण घटस्फोट नाही'! ब्रिटिशांचा विनोद, दुसरं काय. आपल्या खिल्लाराची सवय असलेल्या डोळ्यांना आधी चुकल्यासारखं होतं, कारण वशिंडच नाही. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ पाटासारखी सपाट. पण जवळ जाऊन बघा. कातडीखालचं हाड कुठे आहे, मांस कुठे आहे, हे ब्रशला नेमकं ठाऊक. मेंढ्यांची लोकर तर इतकी दाट, की बोटं रुतवावीशी वाटतात. (रुतवू नका, पहारेकरी बघत असतो.)

हा हात एवढा बसलेला, की फ्रेडरिक ली आणि थॉमस क्रेझविक हे निसर्गचित्रकार झाडं, नदी, आभाळ रंगवायचे आणि त्यात जनावरं भरायला कूपरला सांगायचे. एका कॅनव्हासवर दोघांच्या सह्या!

तक्रार एकच. गाई फार शहाण्या आहेत. शेणाचा पो नाही, चिखलाने माखलेला खूर नाही, सोनेरी उन्हात सगळ्या निवांत रवंथ करताहेत. एकापाठोपाठ एक बघताना कंटाळा येतो, हे कबूल करायला हरकत नाही. गिऱ्हाईकांना मात्र तेच हवं होतं. राणी व्हिक्टोरियानेसुद्धा त्याच्याकडून गाय रंगवून घेतली. १८३३ पासून १९०२ मध्ये मरेपर्यंत रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात दरवर्षी त्याचं चित्र लागत राहिलं.

पैसा आल्यावर त्याने जन्मघराच्या जागीच चित्रशाळा काढली आणि १८८२ मध्ये ती गावाला देऊन टाकली. चित्रकथेतल्या रूपर्ट या अस्वलाला जन्म देणारी मेरी टूर्टेल तिथलीच विद्यार्थिनी.