तुम्ही विचारलेत म्हणून: मी आता कोणालाच बरोबर का नेत नाही

गेली आठ-नऊ वर्षे मला एकच प्रश्न विचारला जात आहे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विचारला जातो, कोणाच्या मुंजीच्या पंगतीत विचारला जातो, भारतातून आलेल्या पाहुण्यांना घरी आणताना गाडीतही विचारला जातो: “पूर्वी तुम्ही लोकांना विमानाने किनाऱ्यावरून फिरवून आणायचात, मग आता एकट्याच का उडता?” परवा एका जुन्या मैत्रिणीने तोच प्रश्न दुखावलेल्या आवाजात विचारला. तिच्या आईवडिलांना मी २०१३ साली नेले होते. आता तिच्या सासूबाई आल्या आहेत आणि मी टाळाटाळ करते आहे, हे तिच्या लक्षात आले आहे. आजवर मी विमा, दुरुस्ती, हवामान अशी कारणे पुढे केली. त्यातले एकही कारण खोटे नव्हते, तरी त्यातून खरे उत्तर कोणाला मिळाले नाही. म्हणून आता एकदाच सगळे लिहिते.

पालो अल्टोचा विमानतळ, भाड्याचे सेस्ना १७२, चार जागा, एक इंजिन, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी बरेच जण त्यात बसलेलेही आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे पाहुण्याच्या खिडकीत असतो आणि परतताना माझ्या खिडकीत. या विमानाचे पंख डोक्यावर असल्यामुळे खाली पाहताना मध्ये काही येत नाही. हाफ मून बेची ५,००० फुटांची धावपट्टी मागे पडली की पिजन पॉइंटचा पांढरा दीपस्तंभ येतो. तो १८७२ सालचा, ११५ फूट उंच; वरून मात्र देव्हाऱ्यातल्या समईएवढा दिसतो. पुढे आन्यो नुएवोच्या वाळूवर हत्तीसील पसरलेले असतात, अंगणात चटईवर आमसुले वाळत घालावीत तसे. मग सांता क्रूझ, मग माँटेरेचा मोठा उपसागर आणि त्याच्या मध्यावर मॉस लँडिंगच्या ५०० फुटी दोन चिमण्या. त्या चिमण्यांच्या समोरच, बंदराच्या अगदी तोंडाशी, पाण्याखालची एक प्रचंड दरी सुरू होते. वरून दरी दिसत नाही, पण ती तिथे आहे हे माहीत असले की त्या निळ्या पाण्याकडे पाहण्याची नजरच बदलते. पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकांजवळ केल्प नावाच्या समुद्री शेवाळाचे जंगल तपकिरी डागांसारखे तरंगताना दिसते.

हे सर्व पाहून कोणाला तरी दाखवावेसे वाटणे यात काही गैर आहे, असे मला तेव्हा वाटत नव्हते आणि आजही पूर्णपणे वाटत नाही. २०१० साली परवाना मिळाला तेव्हा मी आईला पत्रात लिहिले होते की एकटीने पाहिलेले अर्धेच पाहिले जाते. ते वाक्य लिहिणारी बाई खोटारडी नव्हती. तिला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती गोष्ट मला अण्णांच्या उड्डाणाने शिकवली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गुहागरच्या शाळेत भूगोल शिकवत. लहानपणी ते दाभोळहून मुंबईला बोटीने गेलेले होते, आणि वाटेत बोट चालवणाऱ्या तांडेलाला काही विचारायचे नसते, त्याचे लक्ष मोडते, हे त्यांचे ठाम मत होते. मी एका वर्षी इथून पाठवलेल्या कॅलेंडरात बिग सूरच्या बिक्सबी पुलाचे चित्र होते. वर्ष संपले तरी ते पान त्यांनी ओटीवरच्या भिंतीवर तसेच ठेवले. पुलाची कमान दरीच्या तळापासून २६० फुटांहून उंच आहे आणि पूल १९३२ साली खुला झाला, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, “म्हणजे टाटांनी कराचीहून विमान आणलं ते साल.” तुमच्यापैकीही काही जण मला जे.आर.डीं.चा दाखला देता, की एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून ते मुंबईपर्यंत आले, मग तुम्हाला कसली काळजी? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी सोबत आणले ते २५ किलो टपाल होते. टपालाला खिडकीतून काही दाखवायचे नसते.

२०१४ च्या जुलैमध्ये अण्णा इथे आले. वय ७६, चष्म्याला दोरी, आणि इंग्रजी नकाशा मराठीत वाचून दाखवण्याची सवय. सकाळी अकराला आम्ही निघालो. माँटेरेची हवा स्वच्छ असल्याची नोंद होती, पण किनाऱ्यावरचा ढग दुपारनंतर परत येईल असा अंदाजही होता, आणि तो मी वाचलेला होता. उन्हाळ्यात तळाचे थंड पाणी वर येऊन इथला समुद्र गार राहतो, त्याच्यावरची हवा गार होते, आणि तिच्यावर उंचावरून खाली बसत येणाऱ्या उष्ण हवेचे झाकण बसते. झाकणाखाली ढग साचतो. भरतीचे पाणी खाडीत शिरते तसा तो प्रत्येक दरीच्या तोंडातून आत शिरतो. विमानातून पाहण्यासारखे याहून सुंदर दृश्य मला माहीत नाही.

अण्णा वाटभर खाड्या शोधत होते. “इथे खाड्याच नाहीत गं, मग बंदरं करणार कुठे?” असे ते हेडसेटमधून मोठ्याने म्हणाले, आणि तेव्हापर्यंत उड्डाण अगदी जसे असावे तसे होते. कार्मेल ओलांडल्यावर पुढे पांढरी रेघ दिसली. ती जवळ आली तसे लक्षात आले की पुलाच्या दक्षिणेला असलेल्या पॉइंट सूरपासून उत्तरेकडे ढग पसरला आहे आणि पूल त्याच्या काठाखाली गेला आहे. त्या क्षणी वळून परतणे एवढेच करायचे होते. एकटी असते तर मी वळलेच असते, हे मी शपथेवर सांगू शकते.

अण्णांनी खिडकीच्या काचेवर बोट टेकवले होते आणि ते विचारत होते, “इथेच ना तो?”

समुद्राच्या बाजूला ढगात एक फट होती आणि तिच्यातून पाणी दिसत होते. मी त्या फटीतून खाली उतरले. कार्मेल नदीच्या मुखापासून दक्षिणेला, किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत, समुद्री पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या रक्षणासाठी १,००० फुटांखाली उडायला मनाई आहे. नकाशावर ते छापलेले असते आणि मला ते पाठ होते. मी ६०० फुटांवर होते. वर करडे छत, खाली करडे पाणी, डावीकडे सरळ वर जाणारे डोंगर. आणि पूल दिसला. फार तर दहा सेकंद, पण संपूर्ण दिसला: कमान, तिच्याखालची दरी, वाळूचा लहानसा तुकडा, पुलावरून जाणारी एक लाल गाडी. अण्णांनी हात जोडले.

मी उजवीकडे वळायला लागले, कारण डावीकडे डोंगर होता. वळण अर्ध्यावर असताना छत खाली आले आणि सगळे पांढरे झाले.

हे बाहेरून कसे दिसत असेल ते मला माहीत नाही. आतून ते असे असते की काहीच घडत नाही. कानातला द्रव स्थिर होतो आणि एकसारखे वळण घेणारे विमान सरळ चालले आहे असे शरीर सांगू लागते. मला पूर्ण खात्री वाटत होती की आम्ही सरळ आहोत. समोरच्या कृत्रिम क्षितिजातले, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या यंत्रातले, छोटे विमान मात्र ४० अंशांहून अधिक कललेले होते, उंचीमापकाचा काटा उलटा फिरत होता आणि वाऱ्याचा आवाज चढत होता. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात बाहेर न पाहता केवळ यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग झाला होता. क्षितिज दिसेनासे झाल्यावर विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. शिकत असताना हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. परवान्यासाठी यंत्रांवर उडण्याचा जो तीन तासांचा किमान सराव लागतो, तेवढाच माझ्याजवळ होता.

घाबरलेला माणूस अशा वेळी योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, स्वतःकडे ओढतो, आणि कललेल्या विमानात ओढल्याने वळण आणखी आवळत जाते. माझा हातही ओढायलाच निघाला होता. मला वाचवले ते माझ्या शिक्षिकेच्या एका वाक्याने, जे तिने मला कंटाळा येईपर्यंत ऐकवले होते: आधी पंख, मग नाक. मी पंख सरळ केले. शरीर सांगत होते की मी विमान डावीकडे पाडते आहे. मग नाक उचलले. काटा ३५० फुटांवर थांबला. त्यानंतर मी वायव्येकडे, उघड्या समुद्रावर, काही न वळवता फक्त चढत राहिले. तळहात इतके ओले झाले होते की योक सटकत होता. १,५०० फुटांच्या थोडे वर आम्ही उन्हात बाहेर पडलो. घरी आल्यावर टॅब्लेटमधली नोंद पाहिली: ढगात आम्ही २ मिनिटे १० सेकंद होतो.

अण्णा त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर खाली पसरलेल्या पांढऱ्याकडे पाहत त्यांनी एवढेच म्हटले, “ढगातून नेलंस गं, बाय.”

ते भीतीने गप्प होते, की तांडेलाला विचारायचे नसते म्हणून गप्प होते, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारले असते तर मला पुढचेही सांगावे लागले असते. रात्री मी लॉगबुकात लिहिले: ‘पॉइंट सूर आणि परत, अण्णा सोबत, दृश्य अप्रतिम.’ आजही ती ओळ तशीच आहे. अण्णांनी गुहागरला परतल्यावर येईल त्याला ती गोष्ट सांगितली. लेकीने पूल दाखवला आणि मग ढगातून नेले. फोनवर प्रत्येक वेळी ढग थोडा मोठा झालेला असे. २०१७ साली ते गेले. तेराव्याला शेजारचे काका माझ्याजवळ येऊन म्हणाले की मास्तरांनी आयुष्यात खूप पाहिलं, पण सांगायचे ते तुझ्या ढगाचंच. मी मान डोलावली. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची दोन मिनिटे आणि मी त्यांना जवळजवळ मारले ती दोन मिनिटे एकच होती, हे त्या ओटीवर, त्या कॅलेंडरच्या पानासमोर उभे राहून कोणाला सांगायचे?

हे माझ्या नवऱ्याला मी सांगितले तेव्हा त्याने जे म्हटले ते तुम्हीही म्हणाल: चूक झाली, शिकलीस, पुढे जा. मी शिकलेही. पुढच्या दोन वर्षांत यंत्रांवर उडण्याचे रेटिंग, म्हणजे त्यासाठीचा वेगळा परवाना, घेतले. त्याला तशा ४० तासांचा सराव लागतो. तो पूर्ण केला, परीक्षा दिली, आणि आज तोच ढग नियंत्रकाची परवानगी घेऊन मी रीतसर ओलांडू शकते. म्हणून तुमचा पुढचा प्रश्न योग्यच आहे की मग आता काय अडचण?

अडचण ढगाची नव्हती, असे माझे मत झाले आहे. शेजारच्या खुर्चीत कोणी बसले की मी त्याच्या डोळ्यांसाठी उडू लागते. देवमासा दिसला तर मी पंख कलवते, पूल झाकला गेला तर फट शोधते, पाहुणा हिरमुसला तर मलाच अपराधी वाटते. इंजिन बंद पडले तर १,००० फुटांवरून हे विमान जेमतेम दीड सागरी मैल तरंगत जाईल, म्हणून कोणती वाळू जवळ आहे ते सतत मनात धरून उडायचे असते. आणि पाहुण्याला हत्तीसील दाखवताना मी ती वाळू विसरते. इतर वैमानिकांचे असे होत असेलच असे नाही. कित्येक जण मुलाबाळांना घेऊन वर्षानुवर्षे नीट उडतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. हे माझे आहे.

पण २०१० ची ती पत्र लिहिणारी मला सोडत नाही. ती विचारते की अण्णांना नेलेच नसते तर तू आज अधिक सुखी असतीस का? भिंतीवरचा पूल भिंतीवरच राहिला असता. मी तिला सांगते की कार्मेललाच वळले असते तर त्यांनी तेवढ्याच आनंदाने हत्तीसील आणि नसलेल्या खाड्या सांगितल्या असत्या. त्यावर ती म्हणते, नसत्या सांगितल्या. आणि तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, कारण त्यांचा आवाज मी ऐकलेला आहे.

आता मी महिन्यातून दोनदा जाते. धुके असेल तर लवकर वळते, इतकी लवकर की किनाऱ्यापर्यंतही पोहोचत नाही कधी कधी. उत्तरेकडे परतताना समुद्र माझ्या बाजूला असतो, आणि तो मी पाहते. मैत्रिणीच्या सासूबाईंना मी हाफ मून बेला गाडीने नेईन, तिथल्या धावपट्टीच्या कुंपणाशी बसून आम्ही विमाने उतरताना पाहू. माझी भाची सप्टेंबरात येते आहे. तिने विचारले आहे आणि मी तिला अजून काही कळवलेले नाही. दुसरा हेडसेट माझ्या पिशवीत असतो. गेल्या रविवारी त्याच्या बॅटऱ्या बदलल्या.