आज ती चालली

आज पुण्याच्या रेसकोर्सवर त्या जखमी घोडीला हळूहळू चालताना पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. तिच्या पुढच्या डाव्या पायाचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) फाटलं होतं. सूज उतरलीय. तिची देखभाल करणारे सईसमामा रोज गार पाण्याची धार सोडतात, पट्टी बांधतात, मग लगाम धरून छोटीशी फेरी. पळणं इतक्यात नाहीच. टेंडनला रक्तपुरवठा कमी, भरून यायला महिनोन्महिने जातात.

मला खरी धास्ती असते ती धड पायांची. घोड्याला माणसासारखं अंथरुणावर झोपवून ठेवता येत नाही. दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर येतो आणि खुराच्या आतलं हाड सुटायला लागतं. हाच लॅमिनायटिस. केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकलेल्या बार्बारो घोड्याचं तेच झालं. 20 मे 2006 ला प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि 27 स्क्रू घालून तो जोडला. पण डाव्या खुरात लॅमिनायटिस झाला आणि 29 जानेवारी 2007 ला त्याला निरोप द्यावा लागला. तेव्हा रोज त्याची बातमी शोधायचे मी. अजून आठवलं की घशात दाटून येतं.

म्हणून आज आधी तिच्या उजव्या खुराला हात लावला. गरम नव्हता! पुढची सोनोग्राफी महिनाअखेरीस, रिपोर्ट आला की कळवते.