सोलापूरचा टॉवेल, साताऱ्याचा आखाड

लग्नात हिच्या रुखवतात बारा टॉवेल आले होते.

सासरे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमाग अडला की त्याच्या पोटात हात घालणारा माणूस. लेकीला सोनं किती घालायचं यावर दोन बैठका झाल्या, टॉवेलांवर एकही झाली नाही. ते धरलेलेच होते. जाड, लाल-हिरव्या काठांचे. एकेक उचलला तरी हाताला वजन लागायचं. आमच्या आईने मांडवातच एक उलगडून बघितला आणि मावशीच्या कानात विचारलं, "हे पुसायचं का पांघरायचं गं?"

तोवर आमच्या घरात टॉवेल एकच होता, तोही पाहुण्यांसाठी, कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. बाकी सगळं घर पंच्यावर. पंचा म्हणजे विरळ विणीचं सुती कापड. दादा अंघोळ करून यायचे, पंचा पिळायचे, दोनदा झटकायचे (तुषार आमच्या पुस्तकांवर) आणि दांडीवर पसरायचे. भर पावसातसुद्धा त्यांचं जेवण होईस्तोवर तो वाळलेला असायचा. वास यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळच पंच्याला कधी मिळाला नाही.

लग्न वैशाखातलं. पहिला महिना-दीड महिना नवी नवरी आणि टॉवेल दोघंही खुशीत होते. मग आखाड लागला.

साताऱ्याचा पाऊस सांगून कळत नाही. तिकडे महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, ५०० च्या आसपास झाला तरी लोक पेढे वाटतील. आम्ही मधोमध. आमच्याकडे तो पडतो कमी आणि मुक्काम जास्त करतो. यवतेश्वराकडून ढग उतरतात, अजिंक्यतारा दिसेनासा होतो, भुरभुर सुरू होते आणि आठ-आठ दिवस हलत नाही. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर राजवाड्यापर्यंत जाईतो शर्ट अंगाला चिकटतो. दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत, धड भिजत नाहीत. नुसते लोंबत असतात.

अशाच एका सकाळी ही हातात टॉवेल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, याला वास येतोय."

मी घेतला, हुंगला. "कुठे?"

आईने हुंगला. "टॉवेलसारखाच येतोय की."

दादांनी पेपरातून मान वर न काढता "पावसाळा आहे" असा निकाल दिला. विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला.

घराचा वास घरच्यांना येत नाही. नाक चार दिवसांत सरावतं आणि मग त्या वासाची दखलच घेईनासं होतं. वास येतो पाहुण्याला, आणि पाहुणा काही बोलत नाही. चहा पिऊन "येतो" म्हणतो. नवी सून हे एकच माणूस असं, जे पाहुण्याचं नाक घेऊन घरात येतं आणि परत जात नाही. हिचं नाक तर सोलापूरचं. तिथे टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतो, असं ही अजून सांगते. यातलं माहेर वजा केलं तरी तासाभरात वाळत असावा. "कुबट" हा शब्द तिला माहीत होता, पण तो खरा कशाला वापरायचा हे तिला आमच्या घरात कळलं.

त्यातली एक गंमत मला बरीच वर्षं सुटत नव्हती. कोरडा टॉवेल हुंगला तर वास नाही. धुतलेला, घडी घातलेला, अगदी साळसूद. पण तोच ओल्या तोंडाला लावला की दुसऱ्या मिनिटाला ती कुबट, आंबूस लाट नाकात. जणू इतका वेळ दबा धरून बसला होता.

टॉवेल असा का, हे मला सासऱ्यांनी एका दिवाळीत पलंगावर बसून शिकवलं. मांडीवर टॉवेल घेतला, नखाने एक फासा उचलला आणि म्हणाले, "हे बघा जावईबापू. साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एकच बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला रूळ. टॉवेलला दोन. एक ताणून धरलेला, एक सैल सोडलेला. तीन आडवे धागे गेले की फणी तिन्ही एकदम ठोकणार. सैल धाग्याला जायला जागाच नाही, मग तो वर उभा राहतो. त्याचा झाला हा फासा. असे हजारो. प्रत्येकाच्या पोटात पाणी." मग टॉवेल माझ्या हातात देत म्हणाले, "पाणी धरायला केलाय ओ तो. सोडायला नाही."

हे वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात छापावं असं आहे. त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक सांगितलं. नवा टॉवेल दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय अंगाला लावू नका, आणि कपडे मऊ करायचं ते सुवासिक पाणी टॉवेलला कधीच घालू नका. आम्ही नेमके तेच घालत होतो, वास मारायला. ते कंडिशनर धाग्यावर पातळ थर धरतं. टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो आणि पाणी मात्र नुसतं अंगावर फिरवत बसतो. "तेल चोपडलेल्या डोक्यावर पाणी ठरतंय का?" सासरे म्हणाले. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, पण ते असो.

आईचा उपाय वेगळाच होता. मुलगी झाली सोलापूरला, पण सव्वा महिन्याने तिला साताऱ्याला आणली ती नेमकी जुलैत. दुपटी, लंगोट, टोपरी, काहीच वाळेना. आईने माळ्यावरून लोखंडी शेगडी काढली, शेजारच्यांकडून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, निखाऱ्यांवर ते उपडं घातलं आणि त्यावर दुपटी पसरली. निखाऱ्यांत चिमूट-चिमूट ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. खोलीभर निळसर धूर, आणि त्या धुरात आई डालग्याभोवती फिरत दुपट्यांच्या कूस बदलत्येय, हे मला आजही डोळे मिटले की दिसतं. दुपटी कडकडीत वाळली म्हटल्यावर हिने हळूच एक टॉवेल पुढे केला. "आत्या, हापण घालू?"

कुबट वास गेला, खोटं नाही. पण तोंड पुसलं की आपण बारशाला आलोय असं वाटायचं. ऑफिसात शेजारच्याने दोनदा विचारलं, घरी कोणी बाळंतीण आहे का. पंधरा दिवसांत एका टॉवेलाचा काठ निखाऱ्याला लागला आणि तो प्रयोग थांबला. बाराचे अकरा झाले. तो जळका बारावा पुढे स्कूटरखाली, मग मोरीच्या दाराशी आणि शेवटी बोळ्याएवढा होऊन गेला.

वासाचंही माणसासारखंच, कोणाकडून येतो यावर असतं. म्हसवडच्या जत्रेतून दादांनी एक घोंगडी आणली होती. ती पावसात भिजली की अख्ख्या घरात मेंढी शिरल्यासारखा वास सुटायचा. त्याला कोणी कुबट म्हणालं नाही. दादा तर ती मुद्दाम पांघरून बसायचे.

पुढे धुण्याचं यंत्र आलं, पुढून गोल दार असलेलं. आता प्रश्न मिटला असं वाटलं. तो वाढला. आम्ही वासाच्या भीतीने पावडर दुप्पट घालायचो. ती निघता निघायची नाही, फाशांत अडकून राहायची, आणि अंगाचं तेल, कातडीची भुकटी नि हा साबणाचा थर मिळून जंतूंची पंगत बसायची. त्यात धुऊन झालेले कपडे संध्याकाळपर्यंत यंत्रातच. दुरुस्तीला आलेल्या पोराने दाराच्या रबराची घडी बोटाने उलटी करून दाखवली. आत काळी बुरशी, काजळासारखी. "काका, दार उघडं ठेवत जा. यालाही वाळायला लागतं की." पोराने पैसे घेतले त्याहून हे वाक्य महाग होतं.

कोड्याचं उत्तर मात्र मुलीने आणलं. ती पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेली आणि पहिल्याच सुट्टीत आमच्या टॉवेलचा मानकरी कोण ते सांगितलं: मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. २०१२ साली जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे हा जंतू असल्याचं दाखवलं. तो घामातून, कातडीवरून कपड्यात येतो आणि एक आम्ल तयार करतो. वास त्या आम्लाचा. तो वाळवल्याने सहसा मरत नाही. गार पाण्याच्या धुण्यातही तगतो. टॉवेल कोरडा असेतोवर गप्प, पाणी लागलं की पुन्हा कामाला हजर. ओल्या तोंडाचं कोडं सुटलं. मला हे ऐकून त्या जंतूविषयी थोडा आदरही वाटला. आमच्या घरात इतक्या चिकाटीचं दुसरं कोणी नाही.

त्याला मारायला लागतं ६० अंशांचं पाणी. आमच्या यंत्रावर ६० चा आकडा पहिल्या दिवसापासून होता. सात वर्षांत तो कोणी दाबला नव्हता, वीजबिलाच्या भीतीने. परटाच्या भट्टीत कपडे सोड्याच्या पाण्यात उकळून निघायचे, त्यांना असला वास कधी आला नाही, हे आईला तेव्हा बरोबर आठवलं. मुलीने पांढरं व्हिनेगरही सुचवलं, अर्धा कप, शेवटच्या पाण्यात. साबणाचा थर सुटतो. मी उत्साहाने त्यात खायचा सोडा घालायला निघालो तर तिने हात धरला. एकत्र घातले की दोघं एकमेकांना मारतात, फेस तेवढा छान येतो. आणि ब्लीच असलेल्या पाण्यात व्हिनेगर चुकूनही घालायचं नाही, विषारी वायू निघतो. हे सांगताना तिचा आवाज अगदी हिच्यासारखा झाला होता.

मी निवृत्त झालो तेव्हापासून धुणं माझ्याकडे आहे. मागून घेतलेलं नाही, आलेलं आहे. बाथरूममागच्या खुंट्या मी पहिल्या आठवड्यातच काढून टाकल्या. खुंटीला अडकवलेला टॉवेल म्हणजे मधोमध ओली मोळी, वरून कोरडी. आता तिथे लांब दांडी आहे आणि टॉवेल एकपदरी पसरायचा असा घरात कायदा आहे. तो मी सोडून कोणी पाळत नाही.

पावसाळ्यात सकाळी उठलो की आधी खिडकीतून किल्ल्याकडे बघतो. अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर टोकापर्यंत दिसला तर टॉवेल गच्चीवर. अर्धा दिसला तर गॅलरीत. किल्लाच नसेल तर पंख्याखाली. हवामानखात्याशी माझं भांडण नाही, पण टॉवर खोटं बोलत नाही. आणि श्रावणात कधी तासाभराचं पिवळं ऊन पडलं, त्यात टॉवेल सापडला, तर त्याला जो वास येतो त्यापुढे बाटलीतला कुठलाही सुगंध फिका. त्या वासाचाही कोणीतरी माग काढलाच आहे. २०२० मध्ये कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी ओले टॉवेल खोलीत, सावलीत आणि उन्हात वाळवून तपासले. उन्हातल्या टॉवेलांत आल्डिहाइड आणि कीटोन जातीची द्रव्यं तयार झालेली सापडली, तीच जी अत्तरांतही असतात. डेन्मार्कला ऊन किती महाग असेल हे लक्षात घेतलं तर हा अभ्यास त्यांनीच करावा हे योग्यच आहे.

परवा मुलगी आली. बाहेर भुरभुर. तिने हातपाय धुतले, दांडीवरचा टॉवेल ओढला, तोंडाला लावला आणि तसाच हातभर लांब धरला.

"आई, याला वास येतोय."

हिने चष्मा वर करून टॉवेल घेतला. नाकाशी नेला, उलटा करून पुन्हा नेला.

"टॉवेलसारखाच येतोय की."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी टॉवेल घेतला. मला आला, स्पष्ट आला. काठाजवळ जास्त. पण जॉबरच्या लेकीला, तेही टॉवेलच्या बाबतीत, मी काय सांगणार? "पावसाळा आहे," एवढं म्हणालो.

ही पोळ्या लाटायला आत गेली. मी खिडकीतून बघितलं. टॉवर नव्हता, किल्लाही नव्हता. दांडीवरचे बाकीचे टॉवेल गोळा केले, यंत्रात टाकले आणि ६० चा आकडा दाबला.