बाण कुठून कुठे?

उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायची एक युक्ती आमच्या सातवीच्या मुलांना केव्हाच सापडली आहे. प्रश्नातला एखादा शब्द पकडायचा, उताऱ्यात तो शोधायचा आणि ती अख्खी ओळ खाली उतरवायची. मार्क मिळतात. उतारा कशाबद्दल होता असं विचारलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून मी तक्ते सुरू केले. कधी गोष्टीचा नकाशा, कधी साम्य-फरकाची एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं, कधी कारण-परिणामाचा माशाचा सांगाडा, डोक्याशी परिणाम आणि काट्यांवर कारणं.

आमची शाळा कुर्ल्याची, मिठी नदी चालत गाठता येते. एके दिवशी २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरावरचा उतारा मीच लिहून नेला होता. वाचण्याआधी फळ्यावर तीन रकाने आखले: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, वाचून काय कळलं. यातलं एकही पोर तेव्हा जन्मलेलं नव्हतं, तरी पहिला रकाना बघता बघता भरला. कुणाचे बाबा रुळांवरून चालत घरी आले होते, कुणाच्या आजीची शिलाई मशीन गाळात गेली होती. मधल्या रकान्यात मात्र एकच ओळ: एवढं पाणी तुंबलं कसं?

मग उतारा वाचून गटागटाने एकेक मुद्दा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठ्या माशाच्या सांगाड्यावर लावायला घेतल्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस. तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या. विहार-पवई तलावांचं मिठीत येणारं पाणी. भराव आणि गाळाने आक्रसलेलं मिठीचं पात्र. दुपारची साडेचार मीटरच्या आसपासची भरती. कुलाब्याला त्याच दिवशी शंभर मिमीसुद्धा पाऊस नव्हता, ही चिठ्ठी कुठे लावायची ते कुणालाच कळेना.

एका मुलीने सांगाड्यावरून भरतीची चिठ्ठी सरळ उचलली. "बाई, हे कारण नाहीच. भरती रोज दोनदा येते. मग रोज नाही का बुडणार आपण?"

"उताऱ्यात लिहिलंय ना पण!" शेजारचा तडकला.

"कुठे? दाखव."

मी गप्प राहिले. एरवी वाचा म्हणून मागे लागावं लागतं, इथे दोघं बोट ठेवून ओळ न् ओळ चाळत होती. सापडलं: 'पावसाचा जोर वाढला त्याच वेळी समुद्राला भरती होती, त्यामुळे वाहिन्यांतलं पाणी समुद्रात जाऊ शकलं नाही.' मुलीने ते दोनदा वाचलं. "म्हणजे दोघं मिळून कारण. एकटी भरती नाही."

आता पंचाईत अशी, की छापील सांगाड्याचे काटे सुटे सुटे. दोघांना जोडायला जागाच नाही. तिने कागद उलटा केला, पावसाच्या नि भरतीच्या चिठ्ठ्या शेजारी चिकटवल्या, दोन्हींभोवती एकच चौकट काढली आणि त्या चौकटीतून बाण सोडला. तपासणीला येणाऱ्या साहेबांना छापील, रंगीत तक्ते भिंतीवर आवडतात. माझ्या मते ते म्हणजे निव्वळ सजवलेलं 'गाळलेल्या जागा भरा'.

मागच्या गटातल्या एकाने पुराकडून कचऱ्याकडे बाण काढला होता आणि कचऱ्याकडून परत पुराकडे. हे उताऱ्यात कुठे आहे, विचारलं.

"उताऱ्यात नाही बाई. आमच्या गल्लीत असतं. पाणी कचरा आणतं, कचरा गटार तुंबवतो, मग अजून पाणी."

बरोबरच होतं. पण लेखकाने सांगितलेलं आणि आपल्याला ठाऊक असलेलं वेगळं दिसायला हवं. म्हणून ठरवलं, उताऱ्यातला बाण अखंड, आपला बाण तुटक. ही सोय मला फार उपयोगी पडली. आता वही उघडली की कोण कुठे उतारा सोडून स्वतःच्या तर्काने चाललंय ते एका नजरेत कळतं. काहींच्या वहीत सगळेच बाण तुटक निघाले, त्यांना उतारा पुन्हा वाचायला बसवलं.

कुलाब्याच्या चिठ्ठीवरून तास संपेपर्यंत भांडण चाललं. एक गट ती बाहेर ठेवा म्हणत होता, दुसरा म्हणे, पाऊस सगळीकडे सारखा नव्हता हे त्यातूनच कळतं. मी निकाल दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली, यंदाच्या पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या तारखांचं. "बाई, यातल्या कुठल्या दिवशी जोराचा पाऊस पडतो ते बघायचंय. तक्ता आधीच काढून ठेवू का?"