टिचकी मारू की क्लिक करू?

सॉफ्टवेअर वापरायच्या सूचना मराठीत कशा लिहायच्या, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते म्हटलं की लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर लोकलमध्ये फोर्थ सीटवर अर्धं टेकलेली असताना, कुणीतरी विचारतंच, मराठीत 'क्लिक करा' लिहायचं की 'टिचकी मारा'? मी दोन्ही लिहीत नाही, 'दाबा' लिहिते. लिफ्टचं बटण दाबतो, दाराची बेल दाबतो, आणि मोबाइलवर माऊसच नाही तर क्लिक कसलं.

पण शब्द कुठलाही घ्या, एकदा घेतला की शेवटपर्यंत सोडायचा नाही. दुकानाच्या बिलिंग ॲपचं एक मॅन्युअल आम्ही तिघांनी वाटून घेऊन लिहिलं होतं, लालबागच्या एका दुकानदार काकांचा फोन आला, "मॅडम, जतन केलं, आता साठवायचं कुठे?" मी आधी हसले, मग पानं उलटली तर एकीकडे 'जतन करा', पुढे 'साठवा', आणि स्क्रीनवरच्या बटणावर चक्क 'सेव्ह'. काका बिचारे दुसरं बटण शोधत बसलेले. शाळेत निबंधात तोच शब्द परत आला की बाई खाली रेघ मारायच्या, ती शब्द बदलत राहायची सवय मोडायला मला वर्ष लागलं.

'कृपया'वरून तर ऑफिसात अजून भांडणं होतात. गूगलच्या स्टाइल गाइडमध्येही सूचना देताना प्लीज नको असंच आहे, आणि आपल्याकडे तर 'दाबा' म्हटलं की त्यातच अहो-जाहो आलं ना!

मला खरा छळतो तो 'करावे'. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी 1997 मध्येच आरएफसी 2119 नावाचा दस्तऐवज काढून मस्ट (करायचंच), शुड (केलेलं बरं) आणि मे (तुमची मर्जी) यांचे अर्थ बांधून टाकले, आपला 'करावे' मात्र सरकारी पत्रकात हुकूम असतो आणि आजीच्या तोंडी सल्ला. एका ड्राफ्टमध्ये 'अपडेटपूर्वी बॅकअप घ्यावा' असं होतं. टेस्टिंगच्या मुलाने विचारलं, घ्यावा म्हणजे घ्यायचाच, की घेतला तर बरा? लिहिणारीलाच माहीत नव्हतं (लिहिणारी मीच). डेव्हलपरला गाठलं तर तो थंडपणे म्हणाला, नाही घेतला तर जुनी बिलं जातात. मग लिहिलं, 'आधी बॅकअप घ्या, नाहीतर जुनी बिलं उडतील.' साहेबांनी 'उडतील'भोवती लाल गोल काढला, पण दुसरा शब्द काही त्यांनाही सुचला नाही.