लायसन्स निवडण्याआधी करार काढा

संस्थेच्या रिपॉझिटरीत (शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) शोधनिबंध चढवताना सगळ्यात जास्त घोळ लायसन्सच्या रकान्यात होतो. यादीत ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) दिसतं, माणूस ते निवडून मोकळा होतो. पण कॉपीराइट आधीच प्रकाशकाला लिहून दिला असेल, तर ते लायसन्स द्यायचा अधिकारच लेखकाकडे उरलेला नसतो. त्यावर विसंबून निबंध पुढे छापणाराही नाहक गोत्यात येतो.

म्हणून आधी सही केलेला करार काढा. ‘कॉपीराइट ट्रान्सफर’ म्हटलं असेल तर हक्क गेला. ‘लायसन्स टू पब्लिश’ असेल तर कॉपीराइट तुमचाच, पण त्याआधी ‘एक्सक्लुझिव्ह’ (फक्त प्रकाशकालाच) हा शब्द असला तर हात जवळपास तितकेच बांधलेले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 19 सांगतं की हक्क किती काळासाठी दिला ती मुदत करारात लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरायची. त्यावर भिस्त ठेवू नका. मोठ्या प्रकाशकांच्या करारात कॉपीराइटची संपूर्ण मुदत आणि सारं जग स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग फाइल. बहुतेक ठिकाणी परवानगी असते ती स्वीकृत हस्तलिखिताला, म्हणजे परीक्षकांच्या दुरुस्त्या झालेल्या पण प्रकाशकाने जुळणी न केलेल्या मजकुराला. प्रूफची पीडीएफ म्हणजे स्वीकृत हस्तलिखित नव्हे. शेवटच्या दुरुस्तीची तुमची वर्ड फाइल घ्या, ओळींचे क्रमांक काढा, पहिल्या पानावर नियतकालिकाचं नाव आणि डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) टाका. ही फाइल स्वीकृतीच्या दिवशीच जपून ठेवावी. वर्षभराने ती सापडत नाही.

एम्बार्गो, म्हणजे फाइल खुली करण्याआधी थांबायचा काळ, नियतकालिकागणिक बदलतो. जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) नियतकालिकाचं नाव टाकून बघा. स्प्रिंगर नेचरच्या वर्गणीवाल्या नियतकालिकांत तो साधारण 12 महिने असतो आणि त्या हस्तलिखितावर सीसी लायसन्स लावता येत नाही. एल्सव्हियर मात्र ‘बाय-एनसी-एनडी’ (श्रेय द्या, व्यापारी वापर नको, बदल करून प्रसिद्ध करू नका) लावायला सांगतं. डीस्पेस या रिपॉझिटरीच्या सॉफ्टवेअरमध्ये एम्बार्गो फाइलला लावा, नोंदीला नको. शीर्षक आणि सारांश पहिल्या दिवसापासून दिसू देत.

निवड खरोखर तुमच्या हातात असेल तेव्हा ‘एनडी’ टाळाच. त्याखालच्या निबंधाचा मराठी अनुवाद परवानगीशिवाय कुणाला प्रसिद्ध करता येत नाही. ‘एनसी’ असलेला मजकूर विकिपीडियालाही उचलता येत नाही. आणि एकदा दिलेलं सीसी लायसन्स मागे घेता येत नाही, हे बटण दाबण्याआधी लक्षात असू द्या.

हक्क राखायचे असतील तर निबंध पाठवतानाच पत्रात लिहा: ‘स्वीकृत हस्तलिखितावर सीसी बाय लायसन्स लागू राहील.’ नंतर आलेला फॉर्म याच्या उलट असेल, तर सही करण्याआधी संपादकांकडून लेखी खुलासा मागवा.